सासूबाईंच्या अंगावरचा कोट

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या आत ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघेल, त्या घरात एक तर कोणी मरणाला टेकलेलं असतं, नाही तर त्या घरची बाई दक्षिणेकडच्या मॅसॅच्युसेट्सची असते, असं अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मेन राज्यातल्या आमच्या गावात समजत. मी मॅसॅच्युसेट्सची नव्हते. माझं माहेर नदीपलीकडे, इथून चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यामुळे हा नियम मी आईच्या दुधाबरोबरच प्यायले होते. ऑक्टोबरात अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरो, नाही तर साबणाची वडी हातातून निसटून दगडासारखी वाजो, आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवायचे आणि रस्त्यापलीकडच्या हार्लन पिंकमच्या धुराड्यावर नजर ठेवायची. हार्लन आमच्या धुराड्यावर नजर ठेवून असायचा. दोघांचीही नाकं लाल, पण भेटलो की म्हणायचं, "यंदा हवा छान आहे."

आणि एक गोष्ट कधी करायची नाही. "तुला थंडी वाजते का?" असं कोणाला विचारायचं नाही. मेनमधल्या माणसाला हे विचारणं म्हणजे त्याला भर रस्त्यात वय, पगार आणि दातांची कवळी विचारण्यासारखं आहे. विचारणारा असभ्य ठरतो आणि "हो" म्हणणारा कायमचा बदनाम होतो.

माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती भिंतीवरचं बटण फिरवतात आणि मला शाल आणून देतात. असो.

मी सांगते आहे ती गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशी सालची. त्या वर्षी घर तापवायचं तेल महागलं. किती महागलं ते सांगत नाही. तो आकडा ऐकून तुम्ही आज हसाल, आणि आम्ही तेव्हा रडत होतो. तळघरातली तेलाची भट्टी पूर्वी हत्तीसारखी घुरघुरायची, ती त्या वर्षी आम्ही मांजराइतकी घुरघुरू द्यायचं ठरवलं. तेवढ्यानं निभावलं असतं. पण मधे सासूबाईंचा वाढदिवस आला.

वाढदिवसाला हार्लनची बायको टेसी नवा कॅमेरा घेऊन आली. फोटो चांगला आला. स्वयंपाकघरातलं टेबल, टेबलावर केक, आणि केकच्या मागे माझ्या सासूबाई फिलीना स्टिन्सन, काळा लोकरीचा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. टेसीनं त्याची एक प्रत कौतुकानं माझ्या नणंदेला, फ्लॉरिडाला पाठवली. शेजाऱ्यांचं कौतुक फार महागात पडतं.

नणंदेचा, म्हणजे रोवेनाचा, लगेच फोन आला.

"आयडेला, आई घरात कोट घालून बसते?"

"त्यांना आवडतो तो."

"केक कापताना?"

"केकच्या दिवशी माणूस चांगले कपडे घालतं, रोवेना."

"चांगले कपडे म्हणे. तो कोट घालून ती बाबांच्या मयताला गेली होती." मग ती थोडा वेळ गप्प राहिली. आमच्या घरातली माणसं गप्प राहिली की ती रागावलेली नसतात, ठरवत असतात. "हे बघ, मी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते. त्या दिवशी घरात आईच्या अंगावर कोट दिसला, तर मी तिला माझ्याबरोबर घेऊन जाणार. इकडे काही नसेल, पण म्हातारी माणसं गोठत तरी नाहीत."

मी फोन ठेवला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना. तसंही मला बसवत नाहीच. जेवताना उठून पडदा ओढायचा, बसून पुन्हा उठून तो सोडायचा, ही माझी लहानपणापासूनची रीत. सासूबाई म्हणत, "तुझ्या खुर्चीत काय मुंग्या आहेत का गं?" माझा नवरा ऑल्डन बचत बँकेत होता. दिवसभर लोकांशी बोलून त्याचे सगळे शब्द बँकेतच जमा होत. घरी येताना तो फक्त दोन आणी, "हं" आणि "बघू". त्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याशी बहुतेक भांडतच होतं. चहा कसा करावा यावरून, चादरीच्या घड्यांवरून, आणि संध्याकाळी पत्ते खेळताना मी टाकलेल्या प्रत्येक पानावरून. पण सासवासुनांबद्दल लोक म्हणतात ते खरं नाही. भांडणाऱ्याची सवय प्रेम करणाऱ्याच्या सवयीपेक्षा लवकर लागते आणि उशिरा सुटते. सासूबाई फ्लॉरिडाला गेल्या असत्या तर मी कोणाशी भांडले असते? ऑल्डनशी? त्याच्याशी भांडणं म्हणजे बर्फात काडी ओढण्यासारखं.

सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. "आई, तुम्ही कोट का घालता?" असं विचारलं असतं, तर त्यांनी तो कोट झोपतानाही काढला नसता. तेव्हा एकच उपाय होता. थँक्सगिव्हिंगपर्यंत घर इतकं गरम करायचं की कोट आपोआप खुंटीवर जावा. आणि तेही तेलाला फारसा हात न लावता.

मी ही गोष्ट गुप्त ठेवली होती. म्हणजे फक्त टेसीला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लन आमच्या अंगणात उभा होता, घराकडे डॉक्टर बघतो तसा बघत.

"घराच्या पायाला गवताचे भारे लाव, आयडेला. चारी बाजूंनी. वारा खालून शिरतो. माझ्या आजोबांनी लावले, माझ्या बापानं लावले."

"आणि तू?"

"माझ्या घराचा पाया चांगला आहे."

हा टोमणा होता, पण सल्ला खोटा नव्हता. आम्ही गवताचे भारे आणले. घराभोवती असे रचले की घरानं जाड कंबरपट्टा बांधला आहे असं दिसावं. मला ते फार आवडलं. मी येताजाता भाऱ्यांवर हात फिरवायची. दोन दिवसांनी वाचनालयातून परत येते तर हार्लनच्या गाई कुंपण ओलांडून आलेल्या, आणि आमच्या घराची उत्तर बाजू निवांतपणे खात उभ्या. नेमकी उत्तर. जिकडून वारा येतो तीच.

मला वाटलं, हार्लन दिलगिरी व्यक्त करायला येईल. तो आला.

"कसलं गवत आणलंस, आयडेला? माझ्या लाल गाईचं पोट बिघडलं."

"ते घरासाठी आणलं होतं, हार्लन. गाईसाठी नव्हे."

"घराला चव कळत नाही म्हणून काहीही आणायचं?"

मी वाचनालयात काम करत होते, तेव्हा पुस्तकांवर माझा विश्वास होता. त्या वर्षी आमच्या वाचनालयात प्रेमकथांवर धूळ बसली, आणि घर कसं तापवावं यावरच्या पातळ पुस्तिकांसाठी लोक नावं नोंदवू लागले. एकीत लिहिलं होतं की रॉकेलचा हीटर हे आधुनिक कुटुंबाचं उत्तर आहे. प्रश्न काय ते लिहिलं नव्हतं. मी हीटर आणला. तो बैठकीच्या खोलीत ठेवला, वात पेटवली. खोली गरम झाली यात शंका नाही. पण तिला असा वास सुटला की जणू गॅरेजमध्ये लग्न लागतं आहे. सासूबाई उठल्या, दोन खिडक्या उघडल्या, आणि कोटाचं वरचं बटण लावून परत बसल्या. आता घरात पूर्वीइतकीच थंडी होती आणि वर वास होता. पुढच्या रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर मला ऐसपैस जागा मिळाली. वाचनालयात लोक माझ्याकडून पुस्तक घेतलं की आधी हुंगून बघत.

"हे यंत्र जपानी आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे खिडक्या नसतील."

अखेर मी मोठ्या निर्णयाला आले. लाकडाची शेगडी. माझ्या लहानपणी घराघरात ती होती. मग तेल स्वस्त झालं आणि सगळ्यांनी त्या विकल्या, मोडीत काढल्या, किंवा त्यांत फुलझाडं लावली. आता तेच लोक मोडीवाल्यांच्या दारात उभे होते. मला एक शेगडी शेजारच्या गावी, बंद पडलेल्या शाळेच्या लिलावात मिळाली. बिडाची, गाढवाइतकी उंच, दारावर शिंगवाल्या हरणाचं चित्र. ती घरात आणताना ऑल्डन, हार्लन आणि हार्लनचे दोन मेहुणे पायरीवर अडकले. त्या वेळी ऑल्डननं जो शब्द उच्चारला तो त्याच्या नेहमीच्या दोन शब्दांपैकी नव्हता. सासूबाई आतून म्हणाल्या, "बघा, बोलता येतं त्याला."

आणि शेगडी बैठकीत आली, तेव्हा मला कळलं की तिला परवानगी लागते.

आमच्या गावात अग्निशमन दलाचा प्रमुख लायमन. इमारतींचा तपासनीसही लायमन. कुत्र्यांचे परवानेही तोच देई. गाव लहान, हुद्दे जास्त, म्हणून ते एकाच माणसाच्या गळ्यात घातले होते. लायमन माझ्याबरोबर शाळेत होता; तो मला "आयडेला" म्हणे आणि मी त्याला काहीही. पण नगरकचेरीतल्या टेबलामागे बसला की तो दुसराच माणूस होई.

"या, मिसेस स्टिन्सन. बसा. शेगडी बसवायची तर तपासनिसाची परवानगी लागेल तुम्हाला."

"दे मग."

"त्याआधी धुराडं ठीक आहे असं अग्निशमन प्रमुखांनी सांगायला हवं."

"सांग मग."

"ते इथे बसत नाहीत. ते गुरुवारी बंबाच्या इमारतीत बसतात."

"लायमन, ते तूच आहेस."

"इथे नाही," लायमन म्हणाला, आणि टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

गुरुवारी मी बंबाच्या इमारतीत गेले. तिथे तो बंबाच्या पायरीवर बसून सँडविच खात होता.

"ये गं आयडेला. कॉफी घेतेस? धुराडं ना? जाळ पेटलेला बघितल्याशिवाय मी कसं सांगू? धूर वर जातो का खाली येतो, बघायला नको?"

"परवानगी नसताना जाळ कसा करू?"

"ते मात्र तपासनिसाला विचार. तो फार काटेकोर आहे."

मी पुन्हा कचेरीत गेले. पुन्हा बंबाच्या इमारतीत गेले. त्या पंधरवड्यात मी गावाच्या रस्त्यावर इतक्या वेळा इकडून तिकडे गेले की लोकांना वाटलं माझं कुत्रं हरवलं आहे, आणि त्याबद्दलही दोघांनी मला लायमनकडेच पाठवलं. शेवटी तपासनीस आणि प्रमुख या दोघांनी, म्हणजे लायमननं एकट्यानं, तोडगा काढला: चाचणीपुरता एकदाच जाळ करायचा, त्याच्या समोर. दिवस ठरला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला.

मी म्हणाले, "लायमन, नोव्हेंबर लागू दे ना. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?"

"नोव्हेंबरात मी हरणांच्या शिकारीला जातो."

"आणि तपासनीस?"

"तोही येतो बरोबर."

मधल्या काळात लाकडं आली होती. आणणाऱ्यानं ती गाडीतून जी ओतली ती थेट ऑल्डनच्या मोटारीमागे, त्यामुळे तो आठवडाभर बँकेत चालत गेला. आता लाकडाची रास रचणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. पोरगी बघायला जावं तसे लोक रविवारी दुसऱ्यांच्या राशी बघायला मोटारी हळू करतात. टोकं सारखी आहेत का, साल वर आहे का, कोपरे ओळंब्यात आहेत का. हार्लनची रास पुस्तकांच्या कपाटासारखी. मी माझी रास मन लावून रचली, दोन पावलं मागे सरले, समाधानानं हात झटकले, आणि ती पूर्वेला झुकली आणि बसली, म्हातारी कण्हत खाली बसते तशी.

हार्लन रस्ता ओलांडून आला. एक ओंडका उचलला, वास घेतला, नखानं साल खरवडली.

"कधी तोडलंय हे?"

"विकणारा म्हणाला, वाळलेलं आहे."

"हे जळणार नाही, आयडेला," तो सहानुभूतीनं म्हणाला. "हे उगवेल."

चाचणीचा दिवस उजाडला. लायमन लाल टोपी घालून आला, म्हणजे अग्निशमन प्रमुख म्हणून आला. मी ते ओलं लाकूड शेगडीत घातलं. ते पेटलं नाही; ते रडलं. टोकांतून पाणी फेसाळलं, सुं सुं आवाज आला, आणि मग जो धूर निघाला, तो देवानं मेघगर्जना करावी आणि फक्त मेघच पाठवावेत तसा. पण तो वर गेला, हे खरं. इतका वर आणि इतका पांढरा की म्हणे डोंगरापलीकडच्या गावातूनही दिसला. लायमन अंगणात उभा राहून मान वर करून म्हणाला, "धुराडं उत्तम आहे," आणि निघून गेला.

पाच मिनिटांत फोन वाजला. मी उचलला, पलीकडे कोणी बाई हळू आवाजात म्हणाली, "आयडेला, खंबीर राहा." आणि ठेवून दिला.

मग टेसी आली. हातात मॅकरोनी आणि चीजचं झाकलेलं भांडं, डोळे ओले. तिच्यामागे पाद्रीबाबा. पाद्रीबाबांमागे शिवणमंडळाच्या बाया, प्रत्येकीच्या हातात काहीतरी झाकलेलं. ऑक्टोबरात धूर म्हणजे एकच अर्थ, आणि आमच्या घरात त्या अर्थाच्या वयाचं माणूस एकच होतं. मी दारात उभी राहून सांगत होते, "अहो तसं काही नाही, ही शेगडीची चाचणी आहे." ते माझा हात हातात घेऊन म्हणत, "हो गं, हो." आमच्याकडे माणसं दुःख लपवतात, तेव्हा मी जितकं नाकारीन तितकं ते गाढ होत गेलं.

सासूबाई आत खुर्चीत बसल्या होत्या. कोटात. पाद्रीबाबा त्यांच्याजवळ वाकून म्हणाले, "फिलीनाबाई, काही राहिलं आहे का मनात?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग बायांच्या रांगेकडे. "त्या निळ्या भांड्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"घेवडा आहे. डुकराचं खारं मांस घालून."

"मग मनात तेवढंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

पुढे कित्येक दिवस आम्हाला स्वयंपाक करावा लागला नाही. मी शरमेनं मरत होते आणि सासूबाई भांड्यांची चव घेत टिप्पणी करत होत्या. "टेसीला मी मेले तरी मीठ घालायला जमणार नाही असं दिसतं." गोष्ट खरी काय ती गावाला हळूहळू कळली, आणि मग ज्यांनी भांडी दिली होती ते माझ्याकडे मी त्यांची फसवणूक केल्यासारखं बघू लागले. कोणी स्पष्ट म्हणालं नाही. पण वाचनालयात एक बाई पुस्तक परत करताना म्हणाली, "फिलीनाबाई अजून आहेत ना?" त्या "अजून" मध्ये अख्ख्या मॅकरोनीचा हिशेब होता.

यातून एकच भलं झालं. आमच्याकडे मरणाऱ्याच्या घरी शेजारी खणखणीत वाळलेलं लाकूड आणून टाकतात, कारण त्या दिवसांत घरच्यांना कुऱ्हाड कुठे उचलवते? हार्लननं पहिल्याच दिवशी, कोणाला न सांगता, त्याच्या पुस्तकांच्या कपाटासारख्या राशीतली दोन फळ्या भरतील इतकी मेपलची लाकडं आमच्या मागच्या ओसरीवर रचून ठेवली होती. वाजवली तर लाकडी घंटेसारखी वाजत. सासूबाई ठणठणीत आहेत हे कळल्यावर तो दोनदा ओसरीपर्यंत आला, लाकडांकडे बघितलं आणि परत गेला. दिलेलं लाकूड मागायचं कसं? आणि कोणत्या कारणानं? बाई मेली नाही म्हणून?

थँक्सगिव्हिंगचा दिवस आला. सकाळपासून बाहेर बर्फाची भुरभुर, आणि आत मी. मला विश्वास कशावरच नव्हता म्हणून मी सगळंच केलं. शेगडी मेपलनं तोंडापर्यंत भरली. तळघरातली भट्टी मांजरावरून पुन्हा हत्तीवर नेली. रॉकेलचा हीटर जिन्याखाली ठेवला. ओव्हनमध्ये टर्की पहाटेपासून होतीच. ऑल्डन म्हणाला, "बघू, जरा..." पण पुढचा शब्द सापडेपर्यंत माझ्या खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबून झाल्या होत्या.

रोवेनानं विमानतळावरून भाड्याची मोटार आणली होती. अंगावर केसाळ फरचा कोट, हातात फ्लॉरिडाच्या संत्र्यांची पिशवी. दारातून आत आली आणि थबकली.

"बाई गं," ती म्हणाली. तिनं फरचा कोट काढला. मग जाकीट काढलं. मग गळ्यातला रुमाल. तिनं भिंतीला हात लावला, खिडकीला लावला, शेगडीकडे बघून लांबच राहिली. "आयडेला, घर गरम आहे. मला कबूल करायला हवं. फारच गरम आहे."

मी जिंकले होते. इतक्या आठवड्यांनी मी पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकले. तेवढ्यात सासूबाई जिन्यावरून उतरल्या. कोटात.

रोवेनानं माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई शेवटच्या पायरीवर आल्या, त्यांच्या कपाळावर घाम डवरला. त्यांनी कोट काढला. मला हसू आवरेना. मग त्यांनी स्वेटर काढला. मग आतला स्वेटर. त्यांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल झाला. त्या खुर्चीत बसल्या, टेबलावरचा रुमाल घेऊन वारा घालू लागल्या, आणि माझ्यावर अशा चिडल्या की मी मध्येच हसणं सोडलं.

"ही काय पावाची भट्टी आहे का? माणूस राहील कसं इथे? माझ्या घरात मला श्वास घेता येईना." आणि मग, रागाच्या भरात माणूस बोलतं तसं: "यापेक्षा फ्लॉरिडा काय वाईट?"

रोवेनानं मान वळवली. शेगडी तडतडत होती.

"आई," रोवेना हळूच म्हणाली, "माझ्याकडे खोली थंड करायचं यंत्र आहे. प्रत्येक खोलीत एक. तुला हवी तेवढी थंडी."

सासूबाईंनी रुमाल दुसऱ्या हातात घेतला. आमच्या माणसांनी एकदा शब्द तोंडातून काढला की तो गिळायची पद्धत नाही. अर्ध्या गावाची लग्नं अशाच शब्दांनी झाली आहेत आणि मोडलीही आहेत. त्या नुसत्या वारा घालत राहिल्या. रोवेना उठली. "वर तुझी पेटी कुठे असते? मी भरायला घेते," असं म्हणून ती जिना चढू लागली.

मी घर तापवलं होतं ते सासूबाई राहाव्यात म्हणून. आणि त्या चालल्या होत्या ते घर तापलं म्हणून.

मी उठले. तळघरात जाऊन भट्टी बंद केली. हीटर उचलून ओसरीवर नेऊन ठेवला. खिडक्यांतल्या चिंध्या ओढून काढल्या. पण शेगडीचं काय करायचं? बिडाची शेगडी मेपलनं भरलेली, ती संध्याकाळपर्यंत काही ऐकणार नव्हती. तेव्हा मी उत्तरेचं दार सताड उघडलं. मग दक्षिणेचं. वारा घरातून असा गेला, जणू तो वर्षानुवर्षं याच परवानगीची वाट बघत होता. बर्फाचे कण पायपुसण्यावर आले आणि तिथेच राहिले. ऑल्डननं माझ्याकडे बघितलं, उठला, आणि उरलेल्या सगळ्या खिडक्या उघडून आला. मी त्याच्याशी लग्न का केलं ते मला अधूनमधून असं आठवतं.

जेवायला बसलो तेव्हा टर्कीवरचा रस्सा गोठून चकचकीत झाला होता. रोवेना पेटी भरून खाली आली ती फरच्या कोटात, डोक्यावर टोपी, हातात मोजे. मोज्यांनी काटा धरता येईना. ऑल्डननं बँकेत जायचा ओव्हरकोट घातला होता. मी दोन स्वेटर. आणि सासूबाई? त्या टेबलाच्या टोकाला, उघड्या दाराच्या अगदी समोर, सुती पोलक्यात बसल्या होत्या. पोलक्याच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत वर सारल्या होत्या.

"आता कसं बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "भोपळा वाढ गं जरा."

"आई, तुला—" रोवेना म्हणाली आणि थांबली. विचारायचं नसतं. तीही याच घरात वाढली होती.

"तुझं रक्त पातळ झालंय, रोवेना," सासूबाई प्रेमानं म्हणाल्या. "तिकडच्या हवेनं होतं तसं. तुझा काही दोष नाही."

रोवेना शिंकली. मग पुन्हा शिंकली. तिनं आईकडे नीट बघितलं. त्या टेबलाशी कोट घातलेली बाई एकच होती, आणि ती रोवेना स्वतः होती.

"आई, तू माझ्याबरोबर येतेस ना? पेटी भरली आहे मी."

"हो? मग आता उघडून ठेव. माझा वाचायचा चष्मा त्यात गेला असेल."

"तूच म्हणालीस."

"उकडत होतं तेव्हा म्हणाले. आता उकडत नाही."

रोवेनाला रविवारपर्यंत राहायचं होतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली की तिला पोर्टलंडला हॉटेलात खोली मिळेल, तिथे अंथरुणात गरम पाण्याची पिशवी देतात, आणि उद्या दिवसाउजेडी ती पुन्हा भेटून जाईल. जाताना तिनं आईला मिठी मारली ती लांबच लांब, माझा हात घट्ट दाबला, आणि नाक पुसत म्हणाली, "तुम्ही सगळे वेडे आहात. मी इथून गेले ते काही उगीच नाही." तिचे डोळे ओले होते, थंडीनं की कशानं ते मी विचारलं नाही. मोटार बर्फातून हळू हळू निघाली.

मी उघड्या दारात उभी राहून हात हलवत होते. मागे सासूबाई खुर्चीतच होत्या, दाराकडे पाठ न करता, ताठ.

"गेली का?"

"निघाली."

"वळण ओलांडलं?"

"ओलांडलं. आता दिसत नाही."

"मग लाव की ती दारं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थरथरत होता, दात एकमेकांवर वाजत होते. "जेवायला बसल्यापासून मला पायाची बोटं जाणवत नाहीत. डाव्या कानाचं तर विचारूच नकोस."

मी वळून बघितलं. कोपरापर्यंत उघडे हात निळे पडले होते. "अहो आई, मग बोलायचं नाही का मघाशी?"

"मघाशी बोलले असते, तर आत्ता मी त्या मोटारीत असते."

ऑल्डन शेगडीत मेपलचा मोठा ओंडका घालत होता. मी उत्तरेचं दार लावलं, मग दक्षिणेचं.